चहा झाल्यावर कळवू

मी सर्जरी वॉर्डातला टेलिफोन बोलतोय. दचकू नका! आजवर सगळे माझ्यातून बोलले. आज म्हटलं, आपणही तोंड उघडावं.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या घरी जाईन, लग्न ठरल्याच्या, बाळ झाल्याच्या बातम्या देईन. नशिबी आलं रुग्णालय. पण इथंही जीव रमला. रक्त मागवायचं, लिफ्टवाल्याला हाक मारायची, कुणाच्या आईला "बरा आहे हो तुमचा मुलगा" असं कळवायचं. कामाला तोटा नव्हता.

मग मोठे सर्जन आले. हात सोन्याचा, जीभ मात्र निखाऱ्याची. सिस्टर मंडळी पाठीमागे त्यांना जमदग्नी म्हणत. "एवढ्याशासाठी फोन करता? अक्कल गहाण टाकलीय का?" हे सगळं माझ्यातूनच जायचं. एकदा तर वॉर्डात येऊन त्यांनी मलाच टेबलावर आपटलं. तक्रारी वरपर्यंत गेल्या. वरचे साहेब म्हणाले, "अहो, असा सर्जन पुन्हा मिळायचा नाही. जरा सांभाळून घ्या."

सांभाळून घेण्याची मग रीतच पडली. सरांना फोन करण्याआधी ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरला फोन लावायचा आणि हळूच विचारायचं, "आज हवा कशी आहे?" सुरुवातीला त्या हसायच्या. पुढे हसणं थांबलं, रीत तेवढी राहिली.

त्या दिवशी खिडकीजवळच्या काकूंचं पोटाचं ऑपरेशन सकाळीच झालं होतं. दुपारी त्या घामाघूम झाल्या, रक्तदाब उतरू लागला. उशाशी बसलेली लेक घाबरली. "सिस्टर, आई अशी काय करतेय हो?"

धाकट्या सिस्टरनं मला उचललं आणि सवयीनं आधी थिएटर लावलं.

"आत्ता नको गं बाई, भयंकर तापलेत. चहा होऊ दे, मग कर."

तिनं मला खाली ठेवलं. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. माझा जीव नुसता तळमळत होता.

चहा झाला, फोन गेला, सर धावत आले. पोटात रक्तस्राव होत होता. फार उशीर झाला होता. काकू गेल्या.

"मला आधी का नाही कळवलं?" सरांनी विचारलं.

"सर, तुम्ही चिडला होतात," धाकटी म्हणाली. शेजारी लेक उभी होती, तिनं ते ऐकलं.

चौकशी झाली. सरांना काही महिने कामावरून दूर ठेवलं. परतले ते खरंच निवळून. आता रोज स्वतः फोन करतात, "काही असेल तर सांगा. मी रागावणार नाही."

आजही आला. पलीकडच्या खाटेवर ऑपरेशन झालेले आजोबा तापानं फणफणलेत. धाकटीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही सर, सगळं ठीक आहे."

सरांनी अजून फोन ठेवलेला नाही. दोघांचेही श्वास मला ऐकू येताहेत. सांग ना गं पोरी, ते ऐकताहेत.