मधलं नाव

पुष्कर निजसुरे तेरा वर्षांचा असताना त्याचे वडील वारले, असं त्याची बायको मृदुला समजून होती. वडील वारले ते यंदाच्या मार्चमध्ये. मधली बावीस वर्षं ते गृहस्थ नाशकात धडधडीत जिवंत होते, तपकीर ओढत होते, महिन्याच्या महिन्याला आधी पगार, मग पेन्शन घेत होते. फक्त मुलाच्या लेखी मेलेले होते. पुष्करच्या आईनंही मरेपर्यंत या खोट्याला दुजोरा दिला, त्यामुळे मृदुलाला शंका यायचं कारणच नव्हतं.

हे सगळं झालं ते एका यादीमुळे. सातवीच्या स्कॉलरशिप परीक्षेच्या दिवशी शाळेच्या भिंतीवर बैठक व्यवस्थेचा कागद डकवला होता. त्यात ओळीनं दोन नावं होती. निजसुरे पुष्कर सतीश. त्याखाली निजसुरे श्रीहर्ष सतीश. निजसुरे म्हणजे काही जोशी-कुलकर्णी नव्हेत. अख्ख्या नाशकात या आडनावाची दोन-तीन घरं. मुलं ओरडली, "अरे, तुझा भाऊ आलाय बघ!" पुष्कर म्हणाला, मला भाऊ नाही. मग त्यानं मागच्या बाकावर बसलेल्या त्या दुसऱ्या शाळेतल्या मुलाकडे पाहिलं. कान तेच होते, बाहेर आलेले, सतीश निजसुऱ्यांचे.

रात्री जेवताना त्यानं ती गंमत म्हणून सांगितली. पोरच ते, त्याला काय कळतंय! आईच्या हातातली वाढणी ताटावर तशीच थांबली. वडिलांनी मान वर केली नाही. महिन्याभरात ते पंचवटीतल्या त्या दुसऱ्या घरी राहायला गेले आणि आई पुष्करला घेऊन पुण्याला आली. श्रीहर्ष त्याच्यापेक्षा फक्त सहा महिन्यांनी लहान होता. या हिशेबाचा अर्थ पुष्करला कॉलेजात गेल्यावर नीट उमगला, आणि त्या दिवसापासून त्यानं मधलं नाव लिहिणं सोडलं. पासपोर्टवर वडिलांचं नाव असतंच, तिथे इलाज नव्हता. बाकी सगळीकडे नुसतं पुष्कर निजसुरे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ त्याच्या अंगात पुरेपूर होता. तो मिळाला कुणाकडून, हे मात्र त्याला विचारायची सोय नव्हती.

मार्चमध्ये तो डच मुलखातल्या आइंडहोवनच्या ऑफिसात कँटीनच्या रांगेत उभा असताना भारतातून फोन आला. "मी श्रीहर्ष. बाबा गेले सकाळी. तू येणार असलास तर थांबतो."

"थांबू नकोस," असं म्हणून पुष्करनं फोन ठेवला. ट्रेवर सूपचा वाडगा घेतला आणि तो संपवलासुद्धा. आपण किती शांत आहोत याचं त्याला कौतुक वाटलं.

पंधरा दिवसांनी मृदुलानं विचारलं, "घरात तंबाखूसारखा वास कुठून येतो रे? शेजारचे आजोबा पाइप ओढतात का?" तिला दिवस गेले होते, नाक तिखट झालं होतं. शेजारचे आजोबा काहीच ओढत नव्हते. पुष्करनं भिंतीला, कपाटाला, गटाराच्या जाळीला नाक लावून पाहिलं. त्याला कसलाच वास आला नाही. पण जिन्यापाशी आला आणि पाय जागच्या जागी थांबले. ती तपकीर होती. डबी उघडल्यावर पहिल्या चिमटीला यायचा तोच वास.

मग खाकरणं सुरू झालं. घरून काम करायच्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला, त्या उभ्या डच जिन्यावर कुणीतरी घसा साफ करी; घरात येण्याआधी आपण आलोय हे कळवायला सतीश निजसुरे करायचे तसं. पुष्कर उठून बघायला जाई. जिना रिकामा असे. दिवसभर नॅनोमीटरमध्ये मोजमाप करणारा माणूस, भूत म्हणायला जीभ वळत नव्हती. तो पाइपांवर, हीटिंगवर, शेजारच्या भिंतीवर खापर फोडत राहिला. पण भीती वाटायची, आणि ती भर दुपारी वाटायची याची लाज वाटायची.

नोव्हेंबरात मुलगा झाला. नाव ठरलेलं होतं, नुसतं राघव. पुष्करनं स्वतः हट्ट धरला होता की मधलं नाव नको, माझंसुद्धा नको. तीन दिवसांच्या आत जन्माची नोंद गेमेंटेत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, करावी लागते. तिसऱ्या दिवशी, तीन रात्रींचं जागरण डोळ्यांत घेऊन, तो सायकलवरून तिथे गेला. काउंटरवरच्या बाईनं कागद पुढे केला. भारतीय नावं ऐकून लिहिण्यात चूक होते, म्हणून तुम्हीच मोठ्या अक्षरांत लिहा, म्हणाली.

त्यानं लिहिलं. डाव्या बाजूला कुणीतरी येऊन उभं राहिलंय असं त्याला वाटलं, तपकिरीचा वास इतका जवळ होता. त्यानं वळून पाहिलं नाही. बाईनं टाइप केलं, मोठ्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं, बरोबर? तो हो म्हणाला. सही केली. ऐकताना कानाला काहीच खटकलं नव्हतं.

घरी मृदुला राघवला मांडीवर घेऊन बसली होती. बाळ-बाळंतिणीला बघायला रोज येणारी क्रामझोर्गची नर्स स्वयंपाकघरात बाटल्या उकळत होती. मृदुलानं दाखला वाचला आणि ती हसायलाच लागली.

"अरे, हे काय केलंस? राघव सतीश निजसुरे! कागदावर हा तुझा भाऊ झाला की!"

पुष्करनं कागद हातात घेतला. छापील होतं, पण अक्षर न् अक्षर त्यानंच लिहून दिलेलं होतं. पहिलीपासून कॉलेजात जाईपर्यंत प्रत्येक वहीवर, प्रत्येक उत्तरपत्रिकेवर, आपल्या नावापुढे त्याचा हात तेच लिहीत आला होता. आधी स्वतःचं, मग सतीश, मग निजसुरे. इतकी वर्षं दडपून ठेवलेली सवय एका झोपाळलेल्या सकाळी वर आली होती. निदान त्यानं स्वतःची तशी समजूत घातली.

"चूक झाली. बदलून आणतो," तो म्हणाला.

"बदलतोस कशाला? राहू दे ना. बिचारे इतक्या लवकर गेले, तुझ्या मनात असणारच. म्हणून हात वळला." मृदुलानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "इट्स स्वीट, पुष्कर. रिअली."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाथ मारली असती तर सोसवली असती, हा हात सोसवेना.

त्याच संध्याकाळी शेजारचे मिस्टर हॉजसन बाळ बघायला आले. सत्तरी उलटलेले इंग्रज गृहस्थ. चाळीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी आइंडहोवनला आले, इथेच लग्न केलं, इथेच विधुर झाले. आता एकच नाद, आडनाव. दिवाणखान्याच्या भिंतीवर इंग्लंडचा नकाशा आणि त्यात टाचण्या. इथल्या पद्धतीप्रमाणे मृदुलानं त्यांच्या पुढ्यात बडीशेपेच्या निळ्या-पांढऱ्या गोळ्या लावलेले टोस्ट ठेवले आणि हसत हसत नावाचा घोटाळा सांगितला. आमच्यात मधलं नाव बापाचं असतं, मुलाला मुलगा झाला की ते बदलतं, हेही सांगितलं.

"म्हणजे तुमच्यात बाप एका पिढीपुरता," हॉजसन म्हणाले. "आमच्यात एकदा चिकटला की सुटत नाही." आणि त्यांची गाडी सुटली. हॉजसन म्हणजे हॉजचा मुलगा. हॉज म्हणजे रॉजर, हे त्याचं घरगुती नाव, आपल्याकडे पुरुषोत्तमाचा पुरू होतो तसं. इंग्लंडच्या उत्तरेला असे पुष्कळ. डिकचा तो डिक्सन, वॉटचा तो वॉटसन. पूर्वी तेही दर पिढीला बदलायचं. मग करवसुलीच्या याद्या आल्या, जमिनीचे कागद आले, आणि सहा-सातशे वर्षांपूर्वी केव्हातरी ते गोठलं. नातू हॉजसन, पणतू हॉजसन. तिथून ते यॉर्कशरला, लंडनला, जहाजांतून अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला पसरलं. "आणि एक मी, इथे," म्हणून त्यांनी टोस्टचा तुकडा मोडला.

"मग तो हॉज सापडला का?" मृदुलानं विचारलं.

"कुठला? गावागावाला वेगळा हॉज होता. आम्ही सगळे हॉजसन एका रक्ताचेसुद्धा नाही. कुणी शेतकरी असेल, कुणी चोर. काय माहीत!"

 पुष्कर एकदम म्हणाला, "आणि मुलाला तो बाप नकोच असला तर?"

हॉजसननी त्याच्याकडे नीट पाहिलं. "मुलाला विचारलंय कुणी? तो स्वतःला हॉजचा मुलगा म्हणवून घेत नव्हता. गाव म्हणत होतं. शेजाऱ्यांना तो ज्याचा दिसला, त्याच्या नावानं त्यांनी हाक मारली, कारकुनानं ती लिहून घेतली. बाप चांगला होता का, मुलगा त्याच्याशी बोलत होता का, हे कुठल्याच कागदावर नाही." मग ते म्हणाले, "कधी कधी वाटतं, मी त्याला शोधत नाहीये. तोच माझ्या नावात बसून राहिलाय, आणि मी उठवायला गेलो की उठत नाही."

त्या रात्रीपासून पुष्करला राघवकडे सरळ बघवेना. बाळाचे कान बाहेर आलेले होते. ते बारशाला आलेल्या प्रत्येकानं सांगितलं आणि प्रत्येक वेळी पुष्कर उठून आत गेला. खाकरणं मात्र बंद झालं होतं. वासही येत नव्हता. कुणीतरी आत येऊन, चपला काढून, स्वस्थ बसल्यासारखं घर शांत होतं, आणि या शांततेनंच त्याची जास्त पाचावर धारण बसली.

त्यानं मृदुलाला न सांगता वकील गाठली. वकीलबाई म्हणाल्या, नाव बदलायला कोर्टात अर्ज करावा लागेल. कारण पटायला हवं. सतीश हे मुलाचं नाव नसून तुमच्या वडिलांचं आहे, सवयीनं लिहिलं गेलं, हे दाखवणारे कागद आणा. त्यांचा मृत्यूचा दाखला असेल तर उत्तमच.

दाखला श्रीहर्षकडे असणार. आणि दाखल्यावर यंदाच्या मार्चची तारीख असणार. ती एकदा मृदुलाच्या डोळ्यांपुढे आली की बावीस वर्षांचं खोटं उघडं पडणार. दोन दिवस तो या कात्रीत होता. मुलाच्या नावात त्या माणसाला बसू द्यायचं, की बायकोसमोर तोंडघशी पडायचं? शेवटी राग भीतीपेक्षा वरचढ ठरला. मृदुला दवाखान्यात टाके दाखवायला गेली असताना, राघवला खांद्यावर टाकून त्यानं नाशकाला फोन लावला.

"एक कागद हवा होता," तो कोरडेपणानं म्हणाला. "त्यांच्या मृत्यूचा दाखला. स्कॅन चालेल."

"आहे ना, पाठवतो," श्रीहर्ष म्हणाला. कशाला, असं त्यानं विचारलं नाही. तेवढ्यात राघव कुरकुरला. "बाळ? तुझं?"

"हो."

"मुलगा की मुलगी?"

"मुलगा. तीन आठवडे झाले."

पलीकडे श्रीहर्षनं आवाज खाली आणला.

"पुष्कर, एक सांगायचं होतं. राग मानू नकोस, मला तेव्हा दुसरं काही सुचलं नाही. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर पन्नास कावळे, एक खाली येत नव्हता. दोन तास झाले. आईला सांभाळीन म्हटलं, घर विकणार नाही म्हटलं, कर्ज फेडीन म्हटलं. काही नाही. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवू, लोक खोळंबलेत. मला ते बघवेना रे. मग मी हात जोडले आणि म्हटलं, बाबा, पुष्करला मुलगा झाला की तो त्याला तुमचं नाव देईल."

"मग?" पुष्करचा आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"माझं वाक्य पुरं व्हायच्या आत शिवला."

दहावा म्हणजे मार्चची बारा तारीख. त्याच दिवशी सकाळी मृदुला न्हाणीघरातून हातात गरोदरपणाच्या चाचणीची पट्टी घेऊन, रडत-हसत बाहेर आली होती. जगात तेव्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

"तुला विचारायचा मला हक्क नव्हता," श्रीहर्ष म्हणत होता. "तू बांधील नाहीस. मी माफी मागेन त्यांची. तू तुझ्या मुलाचं हवं ते नाव ठेव."

 बावीस वर्षं पुष्करनं या माणसाचा राग केला होता, आणि हा माणूस दोन तास उन्हात उभा राहून, एकेक वचन देऊन संपल्यावर, सगळ्यात शेवटी त्याचं नाव घेऊन मोकळा झाला होता.  पुष्कर जिन्याच्या पायरीवर बसला. आता तिथे कसलाच वास नव्हता, आणि तो नाही याचंच त्याला रडू आलं.

"त्याचं नाव राघव सतीश आहे," तो म्हणाला. "माझ्याच हातानं लिहिलंय."

पलीकडून हुंदका आला. बाहेर मृदुलाच्या पावलांचा आवाज झाला, मग दारात किल्ली फिरली.

"दाखला पाठव," पुष्कर घाईघाईनं म्हणाला. "वकिलासाठी नको आता. माझ्या बायकोला दाखवायचाय, आपले बाबा कधी गेले ते."