दोघांनी वाढवलेला जोर

मित्रांनो, नाक मुरडू नका. हा धुराचा वास माझाच आहे आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. मी एक जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल आहे, दगडधोंड्यांतून आणि चिखलातून उड्या मारत जाण्यासाठी जन्मलेली. आमच्या जातीला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागतं, म्हणून आम्ही धूर सोडतो. आणि आवाज? मी गल्लीच्या तोंडाशी आले की घराघरांतली तान्ही बाळं जागी व्हायची आणि त्यांच्या आया माझ्या नावानं बोटं मोडायच्या. आता मी फारशी कुठे जात नाही. बसल्या बसल्या मागचं आठवत राहतं. आज तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर सांगून टाकते.

माझ्या पहिल्या मालकानं मला चालवण्यापेक्षा माझ्यावरून पडण्याचंच काम जास्त केलं. शेवटी घाबरून त्यानं मला एका मेकॅनिकच्या गळ्यात मारलं. हा मेकॅनिक म्हणजे ठिणगीचा मामा. ठिणगीचं खरं नाव वेगळं होतं, पण लहानपणापासून ती अशी तडतडायची, की खरं नाव फक्त शाळेतल्या बाईंनाच ठाऊक राहिलं. मामाचं गॅरेज तिच्या घराच्या मागच्या अंगाला होतं. पुढच्या अंगाला तिच्या बाबांचं लेथ मशीन. लोखंड घासावं बाबांनी आणि इंजिन बांधावं मामानं. मध्ये एकच दार होतं आणि ते कधी लागलेलं मी पाहिलं नाही. दुपारी आईनं हाक मारली की दोघं मेहुणे एकाच साबणानं हात धुऊन जेवायला बसायचे. काय दिवस होते ते!

ठिणगी कॉलेजात जायला लागली आणि एके दिवशी सरळ माझ्यावर येऊन बसली. पहिल्याच किकला मी उलटा झटका दिला आणि तिच्या नडगीवर चांगलं टेंगूळ आणलं. रडेल म्हणता? तिनं माझ्या टाकीवर एक चापट मारली आणि म्हणाली, “थांब, तुझी खोड मोडते.” त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

गावाबाहेर खडीची एक बंद पडलेली खाण होती. तिथल्या टेकडीवर दर वर्षी चढाची शर्यत व्हायची. खालून सुटायचं, भुसभुशीत खडीतून वर जायचं, अर्ध्यावर एक अवघड वळण, आणि तिथून माथ्यापर्यंत छाती दडपून टाकणारा चढ. वळणापर्यंत ठिणगी सगळ्यांच्या पुढे असायची. पण वळणावर वेग कमी करावा लागे आणि तिथंच माझी पंचाईत व्हायची. माझा जोर सगळा वरचा, मित्रांनो. इंजिन जोरात फिरत असलं तर मी वाघीण, हळू झालं की शेळी. वळणातून निघताना मी घुसमटायचे, खोकायचे, आणि तेवढ्यात दोघंतिघं आम्हाला मागं टाकून जायचे. घरी येताना ठिणगीचा पडलेला चेहरा पाहून मलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग घरात चर्चा सुरू झाली, की माझा जोर वाढवायचा तर कसा. येणारा जाणारा प्रत्येक जण शहाणपण शिकवायचा. कुणी म्हणे, मोठा कार्बोरेटर लावा. कुणी म्हणे, धूर बाहेर पडायची सिलिंडरमधली खिडकी कानशीनं घासून मोठी करा. मामा सगळ्यांना उडवून लावायचा. “त्यानं ही जोरात फिरताना आणखी बोंबलेल आणि वळणावर आणखी मरेल. पोरीला ओढ हवी आहे, किंचाळी नको.” हे बाबांनाही पटत होतं. ओढ हवी तर पेट्रोल आणि हवा आतमध्ये जास्त दाबली गेली पाहिजे, हेही दोघांना मान्य होतं. भांडण होतं ते कसं दाबायचं यावर. बाबा म्हणत, हेड लेथवर थोडं घासू. हेड म्हणजे माझ्या सिलिंडरचं झाकण, आणि त्याच्याखाली सांध्यात बसते ती चकती म्हणजे गॅस्केट. मामा म्हणे, “दाजी, घासलेलं परत येत नाही. त्यापेक्षा झाकणाखालचं गॅस्केट पातळ टाकू, नाही जमलं तर काढता येईल.” त्यावर बाबा म्हणत, पातळ गॅस्केट टिकत नाही. दोघंही हट्टाला पेटले. शेवटी आईच म्हणाली, “दोन्ही नको. पोरगी बसणार आहे तिच्यावर.” मग ठरलं, की मागच्या चाकावरचं साखळीचं दातेरी चक्र मोठं बसवायचं, आतली काजळी काढायची आणि बाकी कशाला हात लावायचा नाही.

काजळी काढण्यासाठी मामानं माझं हेड उतरवून बाबांकडे दिलं. बाबांनी ते स्वच्छ केलं. मग इकडे तिकडे पाहिलं, लेथवर चढवलं आणि केसभर घासलं. लेकीसाठी हो! तिला एकदा तरी माथ्यावर पहिली पाहायचं होतं त्यांना. दुसऱ्या दिवशी मामा मला बांधायला बसला. त्यानंही मागं वळून दाराकडे पाहिलं आणि खिशातून पातळ गॅस्केट काढलं. तोही भाचीसाठीच. एकाच भाजीत दोघांनी एकमेकांना न विचारता मीठ घालावं, तशी माझी गत झाली. मला सगळं कळत होतं, पण मला कुठे तोंड आहे?

गंमत अशी, की मी सुसाट निघाले! ठिणगीनं गल्लीतून एक चक्कर मारली आणि हरखून परत आली. “काय ओढते हो ही आता!” मामानं मिशीत हसून बाबांकडे पाहिलं, बाबांनी चष्म्याआडून मामाकडे. दोघांनाही वाटलं, ही आपलीच करामत. माझ्या आतून बारीक खडखड येत होती. मी तिच्यातूनच ओरडत होते, की अरे बाबांनो, फार होतंय. पण ती खडखड दोघांनीही नव्या चक्रावर ढकलली.

शर्यतीच्या दिवशी वळणातून आम्ही अशा निघालो, की मागचे मागेच राहिले. वरच्या चढावर आमच्या पुढे कुणी नव्हतं. ठिणगी आनंदानं किंचाळत होती. आणि माझ्या पोटातली आग मला सोसवेना. पिस्टन वितळून जाम झाला, मागचं चाक जागीच थांबलं आणि माझी पोर खडीवर फेकली गेली. खांद्याचं हाड मोडलं तिचं. बाबा आणि मामा चढावरून धावत येताना मी आडवी पडल्या पडल्या पाहिले. तसे चेहरे देव कुणाला न दाखवो.

माझं इंजिन उघडलं तेव्हा मामाला हेडवर लेथचे ताजे ओरखडे दिसले आणि बाबांना पातळ गॅस्केट. मग काय! ‘तुम्ही पाडलंत पोरीला’, ‘तू पाडलंस पोरीला’, नको नको ते बोलून झालं. आपलंही चुकलं, हे एकाच्याही तोंडून निघालं नाही. मधलं दार लागलं. मामाचा डबा आई भिंतीला वळसा घालून नेऊन द्यायची आणि डोळे पुसत परत यायची. नवरा टाकवेना, भाऊ तोडवेना. ठिणगीचं हाड जुळलं, पण घर जुळलं नाही. मला सुट्या भागांसह कोपऱ्यात लोटलं आणि माझ्यावर पोत्यांचा ढीग चढला. माझ्या सीटमध्ये उंदरांच्या पिढ्या वाढल्या.

वर्षं गेली. ठिणगी परगावी लोकांना गाडी चालवायला शिकवण्याचं काम करू लागली. एकदा रजेवर आली आणि तिनं माझ्यावरची पोती ओढून काढली. मग भर अंगणात उभं राहून दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मला ही चालू करून हवी आहे. सिलिंडर बाबा घासतील, मामा बांधेल. एक जण जरी नाही म्हणाला, तर उद्या भंगारवाल्याला देते.” तिचं बोलणं पोकळ नसतं, हे मला चांगलं माहीत होतं.

दोघं आले. माझ्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा. केस पिकलेले, पण अकड तीच. “ठिणगे, मामाला सांग, सिलिंडर घासून झालाय.” “ठिणगे, बाबांना सांग, मला दिसतंय.” निरोप्याचं काम करून पोर वैतागली. “मी चहा टाकते, तुमचं चालू द्या,” म्हणत आत गेली ती बाहेर येईचना. मग मामानं हेड हातात घेतलं, त्यावरून अंगठा फिरवला आणि वर न पाहता विचारलं, “दाजी, तेव्हा किती घेतलं होतं?”

बाबा म्हणाले, “केसभर.” मग म्हणाले, “मला वाटलं, वळणावर तिला जड जातं.”

“मलाही तेच वाटलं होतं,” मामा म्हणाला आणि हुंदका देऊन रडायला लागला. एवढा मोठा माणूस, पण लहान मुलासारखा रडला. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

घासलेलं हेड परत येत नाही हे खरंच. म्हणून बाबांनी तांब्याच्या पत्र्यातून एक जाड गॅस्केट कापलं आणि मामानं ते बसवलं. माझा जोर पूर्वीपेक्षाही कमी झाला. ठिणगी रजेवर आली की मी तिला हळूहळू फिरवून आणते, तेवढं तिला पुरतं. आणि हे दोघं आता प्लगला हात लावायचा तरी ओरडून सांगतात. “दाजी, प्लग काढतोय हो!” “काढ!” आई आतून म्हणते, “अहो, कळलं साऱ्या गल्लीला!”

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीला तेल द्या, तिची धूळ पुसा, तिच्यावर पोती टाकू नका. पण माझं मागणं वेगळं आहे. आपल्या माणसासाठी काही करायला जाल, तेव्हा शेजारी बसलेल्या दुसऱ्यालाही सांगा. प्रेम दोघांचंही होतं, त्यात तिळभर खोट नव्हती. तरी आई इतकी वर्षं भिंतीला वळसा घालून डबा नेत राहिली.