दुसरा गिअर

"पहिला पडतो, दुसरा पडत नाही," धर्मा म्हणाला.

पूनम सागर सोसायटीच्या मागच्या गल्लीत जितेशचं गॅरेज होतं. त्याने चिंधीला हात पुसले. "काका, परवाच तर क्लचची केबल नवी टाकली. ऑइलपण बदललं. अजून काय करू, आरती ओवाळू?"

"ओवाळ. पण बघ आधी. काल चेण्याच्या चढावर पहिल्यातच अडकलो. मागून टेम्पोवाला शिव्या घालतोय, आणि हा मेला गिअर वर जायला तयार नाही."

त्याची बायको शेवंती बाकावर पदर सावरून बसली होती. देवळात निघाली होती दोघं, वाटेत सिग्नलला बाइक पुन्हा हटून बसली. धर्मा औषधांची खोकी दुकानांत पोचवायचा, वरसावे, चेणे, घोडबंदरची सगळी लाइन. दोनदा माल उशिरा गेला तेव्हा शेठ म्हणाला होता, सोमवारपर्यंत गाडी नीट करा, नाहीतर लाइन दुसऱ्याला देतो. ते ऐकल्यापासून धर्मा नीट झोपला नव्हता.

जितेश खाली बसला. इंजिन बंद ठेवून त्याने हातानेच गिअरचा दांडा वर उचलला. दुसरा पडला. पुन्हा उचलला. पडला. मग गाडी काढून कोपऱ्यापर्यंत फिरवून आणली.

"काका, मक्खन आहे गाडी. चौथ्यापर्यंत गेलो."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"असं कुठे म्हटलं? बसा, माझ्यासमोर टाका."

धर्मा बसला. क्लच दाबून त्याने पहिला टाकला. खट्. मग दांड्याखाली चवडा घातला. "बघ. आता उचलतोय. जातोय का वर?"

जितेश दांड्याकडे बघत होता. शेवंती बाकावरून उठली. ती पायाकडे बघत होती. डाव्या पायाची बोटं खालीच लोंबत होती. चवडा उचललाच जात नव्हता.

"अहो," ती हळूच म्हणाली, "उचला ना पाय."

"उचललाय की!"

जितेशने वर बघितलं. धर्माची डावी चप्पल पुढून झिजलेली शेवंतीने महिन्यापूर्वीच पाहिली होती. चालताना ती फटक् फटक् वाजायची. चप्पल ढिली झाली असेल म्हणून तिने बाजारातून नवी जोडी आणून दिली होती. तीही वाजायला लागली होती.

देवळात न जाता ती दोघं रिक्षाने डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी पाय वर करायला लावला, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बोटाने टिचक्या मारल्या.

"इथून चवडा उचलणारी नस जाते, ती दबलीय. रोज खूप वेळ मांडी घालून बसता का? आणि वजन उतरलंय का एवढ्यात?"

धर्माने शेवंतीकडे बघितलं नाही. तेच तिला जास्त लागलं.

आषाढात वरसाव्याजवळ एक ट्रेलर त्याला घासून गेला होता. खरचटण्यावर निभावलं. त्याच दिवशी शेवंतीने चातुर्मासाचं व्रत धरलं. दोघांनी एकवेळ जेवायचं, आणि रोज संध्याकाळी ती पोथी वाचणार, त्याने समोर पाटावर बसून ऐकायची. मध्ये उठायचं नाही, मांडी मोडायची नाही. रस्त्यावर त्याला काही होऊ नये म्हणून.

"बरं होईल ना?" तिने विचारलं.

"बहुतेक होईल. महिने लागतील. नसेची तपासणी करून घ्या, रोज व्यायाम करा. मांडी बंद, आणि तोपर्यंत बाइक नाही."

बाहेर येऊन धर्मा पायरीवर टेकला. खिशातून फोन काढून त्याने शेठला लावला. "हो शेठ. गाडी नीट झाली. पण मी नाही येणार. द्या लाइन दुसऱ्याला." एवढंच बोलून ठेवला.

शेवंती त्याच्याशेजारी टेकली. "कळत नव्हतं का तुम्हाला?"

"आधी मुंग्या यायच्या. मग मुंग्यापण यायच्या बंद झाल्या, म्हटलं सवय झाली."

"मग सांगायचं ना!"

"तू वाचत होतीस. माझ्यासाठीच वाचत होतीस. मध्ये कसं बोलू?"

ती कधी आवाज चढवत नसे. तशी गरजच पडायची नाही. त्याचा गुडघा हलला की ती पोथीवरून नुसती नजर उचलायची. तो पुन्हा स्थिर व्हायचा.

संध्याकाळी तिने देव्हाऱ्यापुढचा पाट भिंतीला लावला आणि तिथे प्लास्टिकची खुर्ची ठेवली. धर्मा दारातच थांबला.

"चालेल का? मांडी मोडली तर व्रत मोडतं म्हणालीस."

"ते पोथीत नाही," शेवंती म्हणाली. "मी म्हणाले होते. बसा."

तो बसला, अवघडून, पाहुण्यासारखा. तिने निरांजन लावलं, पोथीला हळदकुंकू वाहिलं आणि वाचायला घेतलं. दोन पानं झाली. खुर्ची जराशी करकरली आणि सवयीने तिची नजर वर गेली.

धर्माने घाबरून पाय सरळ केला. डाव्या पायाची बोटं उचलायला तो धडपडत होता, तिने रागावू नये म्हणून. बोटं खालीच राहिली.

शेवंतीने मान खाली घातली. वाचत होती ती ओळ काही केल्या तिला सापडेना.