उठू न देणारी खुर्ची

ज्या सकाळी सुताराची बायको गेली, त्याच सकाळी डॉक्टरांनी त्याला विचारलं, "पायात रक्ताची गुठळी झाली आणि ती फुप्फुसात गेली. बाई फार वेळ बसून काम करायच्या का?"

"दहा-दहा तास," सुतार सवयीच्या अभिमानाने बोलून गेला. "खुर्ची मी स्वतः केली होती."

खुर्ची खरंच नामी होती. बायको घरीच छापखान्याची मुद्रितं तपासायची. तिला उठावं लागू नये म्हणून त्याने खुर्चीला चाकं लावली, उजवीकडे पाण्याच्या बाटलीसाठी खाच केली, डावीकडे कागदांचा खण केला. इतकी काळजी घेणारा नवरा शोधून सापडला नसता.

"अहो, पायांना मुंग्या येतात. उभ्याने काम करता येईल असं उंच टेबल द्या ना करून," ती म्हणायची.

"राणीसाहेब, बसायला मिळावं म्हणून लोक जन्मभर राबतात!"

शेवटी तिने टुमणंच लावलं, तेव्हा त्याने एक फळी कापली, तिला रंधा मारला आणि गिऱ्हाइकांच्या खुर्च्या आधी उरकायला घेतल्या.

ती गेल्यावर दुखवट्याला आलेला मेहुणा नेमका त्याच खुर्चीत तासभर ऐसपैस बसला. "दाजी, काय आराम आहे हो! मला अशीच एक करून द्या."

"देतो की," सुतार म्हणाला. "आधी तुझ्या ताईचं टेबल होऊ दे."

फळी भिंतीला टेकून उभी आहे. टेबलाचे चार पाय अजून कापायचे आहेत.