ओसरीवरची ओ

आमच्या सान इसिद्रोत मेलेला माणूससुद्धा ग्रामसभा चुकवत नाही. माझा सिप्रियानो कधीचा मातीआड झाला, तरी सचिव नाबोर त्याचं नाव पुकारतो आणि मी ओसरीवरून ‘हजर!’ म्हणते. पुरुष आत बाकांवर, बायका बाहेर, ही रीत. सीमेपलीकडे उत्तरेत कामाला गेलेल्यांच्या बायकाही नवऱ्याच्या नावाला अशीच ओ देतात. नाही दिली तर सभा भरायची कशी? अर्धं गाव तिकडे भांडी घासतंय.

हेर्मेलिंदाचा फिदेंसियोही तिकडेच. गावाने त्याला तोपिल, म्हणजे गावचा पहारेकरी, नेमलं, तेव्हा पहाऱ्याची काठी घेऊन बाजारातल्या दारुड्यांना कोठडीत हिनेच घातलं. पाणी समितीत पाइप डोंगरावर हिनेच वाहिले, जत्रेला मक्याचे तमाले हिनेच रांधले. गावची सेवा म्हणजे जिना. सगळ्या पायऱ्या चढल्याशिवाय अध्यक्षाचा मानाचा दंड हाती येत नाही. ही बाई जिना चढली आणि वहीत वर जाऊन उभा राहिला फिदेंसियो! मला तर संताप यायचा.

वर्षअखेरच्या सभेच्या आदल्या दिवशी मावळते अध्यक्ष एलेउतेरियोकाका, पद सोपवायच्या रीतीप्रमाणे, मेस्कल दारूची बाटली घेऊन तिच्या दारी आले. मी तिथेच मका सोलत बसले होते.

“पोरी, यंदा फिदेंसियो अध्यक्ष. शपथेपुरता बोलावून घे त्याला. पुढचं तू बघशीलच.”

“मीच बघणार, तर मलाच करा की, काका.”

“तुला? तू कुठली पायरी चढलीस?”

हेर्मेलिंदाने बाटली त्यांच्या हातात परत दिली. “ही घेऊन जा. सभेत बोलू.”

ते गेल्यावर ती मला म्हणाली, “ओब्दुलियाबाई, उद्या नवऱ्याच्या नावाला ओ द्यायची नाही. आपलं नाव पुकारलं तरच द्यायची. सगळ्यांना सांगून येऊ.”

मी हातातलं कणीस बाजूला ठेवलं. “अगं, सभा मोडली तर राजधानीतून प्रशासक येईल! आपल्या आज्यांनी गावाचा स्वतंत्र कारभार मिळवायला तिथवर पायपीट केली होती.”

“त्यांनी पायपीट केली. आपल्याला नुसतं गप्प बसायचंय. जमेल ना?”

मला, आणि गप्प? जन्मात जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली. नाबोरने फिदेंसियोचं नाव पुकारलं. ओसरी गप्प. आणखी नावं पुकारली, ओसरी गप्पच. मग सिप्रियानो. ‘हजर’ अगदी जिभेवर आलं होतं, मी गिळलं.

“काकू, आहात ना?” नाबोरने मान बाहेर काढली.

“मी आहे. सिप्रियानो नाही. तो स्मशानात असतो, तिथे जाऊन पुकार.”

आत हशा पिकला. काका मात्र उखडले. “सभा भरत नाहीये! प्रशासक येईल, कळतंय का?”

हेर्मेलिंदा उंबऱ्यात उभी राहिली. “येऊ दे. त्याच्या श्रमदानाला डोंगरावर कोण जाईल, तेही बघा. आमचे नवरे उत्तरेत आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही कुठे असतो, ते कधी विचारलंत?”

ऊन ओसरीवरून सरकलं. एकही बाई चुलीकडे गेली नाही, आणि बाकांवर पोटं गुरगुरायला लागली. काकांच्या मांडीवर तो दंड. सभा भरल्याशिवाय तो खाली ठेवता येत नव्हता आणि त्या बिनपगारी पदापायी त्यांचं शेत वर्षभर पडीक होतं.

शेवटी तेच खेकसले, “पुकार रे तिचं नाव!”

“हेर्मेलिंदा...” नाबोर अडखळला. तिच्या हातचे तमाले खाऊन वाढलेला मुलगा, पण तिचं माहेरचं आडनाव त्याला ठाऊक नव्हतं.

“हेर्मेलिंदा लोपेस सांतियागो,” ती म्हणाली. “हजर.” आणि आत आली. “पाइप मी वाहिलेत, काठी मी धरलीय. त्या पायऱ्या माझ्या नावावर मांडा.”

“मांड,” काका पुटपुटले.

मग नाबोरने माझं नाव पुकारलं. त्या दारातून माझं नाव मी आयुष्यात प्रथमच ऐकलं. एवढी तोंडाळ मी, पण आवाजच फुटेना. डोळे भरून आले.

“ओब्दुलिया, आता तरी बोल गं!” काका वैतागले.

बोलता आलंच नाही. मी आत जाऊन पहिल्या बाकावर बसले आणि अध्यक्षपदासाठी हेर्मेलिंदाचं नाव निघताच हात वर केला. मागे बाया, मग बाकांवरचे. सगळ्यांत शेवटी काकांचा हात उठला, दंडासकट. तो त्यांनी तिच्यापुढे धरला.