लुसेरोच्या पाठीवरचे बूट

आमच्याकडे कुणी तुमच्या वस्तूचं कौतुक केलं, की "आपलीच आहे" म्हणायचं असतं. त्यावर समोरच्याने लगेच म्हणायचं, "तुमच्याकडेच शोभते." वस्तू जागची हलत नाही आणि दोघांचा मान राहतो. मुलं बोलायला लागली, की आम्ही त्यांना हे आधी शिकवतो.

तंबाखूची शेतं पाहायला जनरल आला, तेव्हा एव्हारिस्तोकाका आपला घोडा लुसेरो याला धरून रस्त्याकडेला उभे होते. जनरल म्हणाला, "छान घोडा आहे." काका टोपी काढून म्हणाले, "आपलाच आहे, साहेब."

जनरल पुढचं वाक्य बोललाच नाही. संध्याकाळी शिपाई घोडा घेऊन गेले.

लुसेरो राजधानीतल्या तबेल्यात मेला. पुढे जनरलने घोड्यावर बसलेला स्वतःचा ब्राँझचा पुतळा आमच्या चौकाला भेट दिला. भेटीसाठी वर्गणी गावाने काढली. पुतळ्यातला जनरल खऱ्यापेक्षा बराच तरुण आणि उंच होता. घोडा मात्र हुबेहूब होता, डाव्या कानाच्या फाटक्या टोकासकट.

तेव्हापासून काका रोज संध्याकाळी पुतळ्यासमोरच्या बाकावर बसू लागले. फौजदाराने हे पाहिलं आणि गावातला सर्वांत निष्ठावान माणूस म्हणून जनरलच्या वाढदिवसाला तो त्यांना पहिल्या रांगेत बसवू लागला. काकांनी खुलासा केला नाही. त्या काळी खुलासे करणारी माणसं पुन्हा फारशी दिसत नसत.

मग जनरलला कुणीतरी गोळ्या घातल्या. काही महिन्यांनी त्याचं कुटुंबही विमानाने पळालं. बातमी ऐकताच लोकांनी आधी आपापल्या घरातल्या "या घरात हुकूम जनरलचा" अशा पाट्या फोडल्या. फोडता फोडता जो तो शेजाऱ्याची पाटी केवढी होती ते बघून घेत होता. मग सगळे दोर घेऊन चौकात आले. पुतळ्यासमोर काका उभे होते.

"काका, बाजूला व्हा. घोडा अंगावर येईल," निकानोर खाटीक म्हणाला.

"जनरलला पाडा. घोडा राहू द्या."

"बघा, बघा! पहिल्या रांगेतला भक्त!" मागून कुणीतरी ओरडलं.

"घोडा माझा आहे," काका म्हणाले.

"असेल. पण जनरलला पाठीवर घेतलं ना त्याने?" निकानोर म्हणाला.

"आणि तू रे? तुझ्या दुकानात बोकडांच्या मुंडक्यांवर कुणाचा फोटो होता?"

लोक हसले. निकानोरही हसला, कारण त्या फोटोचा खिळा अजून भिंतीत होता.

काकांची बायको कासिल्दाकाकू पुढे झाली. "अरे, त्याच्या कानाकडे तरी बघा! कुंपणाच्या तारेत अडकला होता. मीच राख लावली होती त्याला."

सगळ्यांनी कान पाहिला. म्हाताऱ्यांना लुसेरो आठवला. कुणीतरी करवत आणायला धावलं.

जनरल घोड्याशी सलग ओतलेला होता. गुडघ्यांपर्यंत तो कापला गेला, पण त्याखाली पाती मोडायला लागली. वरचा भाग दोर लावून ओढला, पाडला आणि फरपटत नदीत नेऊन टाकला. घोड्यावर दोन बूट राहिले.

पुढच्या वर्षी राजधानीहून नव्या सरकारचे एक साहेब आले. स्वागताला सगळं गाव चौकात जमलं. साहेबांनी घोड्याभोवती एक फेरी मारली. रिकाम्या खोगिराकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं, त्या बुटांकडे पाहिलं.

"छान घोडा आहे," ते म्हणाले.

काकूने सवयीने काकांना कोपराने ढोसलं. काकांनी टोपी काढली.

"हो साहेब. माझा आहे."

साहेब थांबले. पुढे काहीतरी येईल म्हणून वाट पाहिली. काही आलं नाही. शेवटी त्यांना ठाऊक होतं ते एकच वाक्य त्यांच्याकडे उरलं.

"तुमच्याकडेच शोभतो," साहेब म्हणाले आणि गाडीत बसले.

धुरळा खाली बसल्यावर काकूने विचारलं, "एवढ्या मोठ्या माणसासमोर असं बोलतात का?"

"टोपी काढली होती ना," काका म्हणाले.