शेवाळाचं सूप

माझं नाव परीक्षित. म्हणजे ज्याची परीक्षा घेऊन झालेली आहे असा. हे मी आईला दोन-तीनदा नीट समजावून सांगितलं होतं, की नावातच काम उरकलंय, आता परत कशाला? तरी २००६ च्या उन्हाळ्यात तिने मला मा सरांच्या क्लासला घातलं.

आम्ही अमेरिकेत बॉथेल गावी राहायचो आणि क्लास शेजारच्या लिनवूडला होता, दातांचा दवाखाना आणि तेरियाकी चिकनचं जपानी दुकान यांच्या मध्ये. कॉलेजप्रवेशासाठी एसएटी नावाची परीक्षा असते, तिची तयारी तिथे करून घ्यायचे. मा सर कोरियन, मुलं कोरियन, भिंतीवरच्या घड्याळाखालची पाटीही कोरियन. कोरियन लोक याला हागवॉन म्हणतात. शाळा सुटली की मूल घरी न जाता तिथे जातं आणि शाळेत शिकवलेलं सगळं परत, जोरात शिकतं. आईला हे कळलं तेव्हा तिला माहेर भेटल्यासारखं झालं. "अरे, म्हणजे आपला क्लासच की!" ती म्हणाली. अकरावी-बारावी तिने नागपूरला क्लासमध्येच काढली होती. अमेरिकेत क्लास नसतात, हे दुःख ती इतकी वर्षं गिळून बसली होती.

पहिल्या दिवशी मी आत शिरलो तेव्हा दारात उभ्या असलेल्या कोरियन आया एकदम गप्प झाल्या. भारतीय आला होता. पुढच्या आठवड्यात गणिताच्या बॅचला जादा खुर्च्या आणाव्या लागल्या. ती गर्दी बघून माझी आई घाबरली आणि तिने मला रविवारची बॅचही लावली. ते बघून कोरियन आया आणखी घाबरल्या. मला गणित येतं का, हे मात्र कोणी तपासून पाहिलं नाही. मला गणित लागतं त्यापेक्षा थोडं कमी येतं.

माझ्या शेजारी युनिस प्यो बसायची. तिची आई आणि ती इथे, वडील तिकडे कोरियात देगूला नोकरीत. मुलीला इंग्रजी शाळा मिळावी म्हणून बाप एकटा मागे राहतो आणि वर्षातून एकदा भेटायला येतो, अशी त्यांच्यात पद्धतच आहे. अशा बापाला ते लोक रानहंस म्हणतात. युनिसच्या रानहंसाने फोनवरून अट घातली होती. ऑक्टोबरच्या परीक्षेत चोवीसशेपैकी बावीसशे मार्क पडले तर इथेच राहायचं. नाही पडले तर ही उडाउडी बंद, दोघींनी परत देगूला.

"मग काय, देगूला शाळा नाहीत का?" मी विचारलं.

"आहेत ना. आणि शाळेनंतर क्लास आहेत, आणि क्लासनंतर क्लासच्या अभ्यासाचे क्लास." ती पेन्सिलीला टोक करत होती. तिच्याकडे पेन्सिली खूप होत्या आणि सगळ्यांना सतत टोक असायचं. "शिवाय मला आता कोरियन लिहिताना चुका होतात. मी तिथे मठ्ठ ठरेन. इथे मी फक्त घाबरट आहे."

सराव परीक्षांमध्ये तिला एकदा बावीसशेच्या वर पडायचे, एकदा खाली. वर पडले की ती म्हणायची, चुकून पडले. खाली पडले की म्हणायची, हे खरे. तिचा अंगठा नखापाशी कायम लाल असायचा. मला स्वतःच्या मार्कांची फार काळजी नव्हती, त्यांनी मला कधी दगा दिला नव्हता, ते कायम कमीच असायचे. पण युनिस गेली तर माझ्या लेखी त्या वर्गात मी, मा सर आणि जादा खुर्च्या एवढेच उरलो असतो. मग मीही तिच्या मार्कांचा हिशेब ठेवायला लागलो.

क्लास संपल्यावर सेल्फ स्टडी असायचा, म्हणजे पाहिजे तर थांबा. आई बाहेर पार्किंगमध्ये गाडीत बसून वाट बघायची. पलीकडच्या गाडीत युनिसची आई. युनिस बाहेर आली नाही तर माझी आई मला न्यायला दारापर्यंत येत नसे, कारण मग मी आधी निघाल्यासारखं झालं असतं. मी बाहेर आलो नाही तर युनिसची आई जागची हलत नसे. आम्ही दोघं आत काचेला नाक लावून उभे, आणि बाहेर दोन गाड्यांत दोन बायका समोर बघत बसलेल्या.

"आपण दारातून एकदम बाहेर पडू," शेवटी युनिस म्हणाली. "एक पाय तुझा, एक पाय माझा."

तसं केलं. दारात अडकलो, पण सुटलो.

सप्टेंबरच्या एका संध्याकाळी युनिसच्या आईची गाडी सुरूच होईना. हीटर आणि आतला दिवा लावून ती इतके दिवस बसत होती की बॅटरीनेच राजीनामा दिला. आईने काच खाली केली. दोघी एकमेकींशी पहिल्यांदाच बोलत होत्या. युनिसच्या आईला इंग्रजीत 'थँक यू', 'सॉरी' आणि 'स्कोअर' एवढे शब्द यायचे. त्यातले दोन तिने वापरले आणि आमच्या गाडीत पुढे बसली. आम्ही दोघं मागे.

"युनिस बेटा, बर्थडे कधी असतो तुझा?" आईने आरशात बघून विचारलं. मुलांशी बोलायचं म्हटलं की आईला हाच प्रश्न सुचतो.

"परीक्षेच्याच दिवशी, आंटी."

"अगंबाई! मग काय करता तुमच्यात बर्थडेला? केक?"

"केक असतोच. पण मेन म्हणजे सीवीड सूप. सकाळी उठल्याउठल्या आईच्या हातचं. ते खाल्ल्याशिवाय वाढदिवस झाला असं वाटतच नाही." युनिस खिडकीबाहेर बघत होती. "या वर्षी नाहीये पण."

"का गं?"

"मॉम खूप बिझी आहे."

मॉम पुढच्या सीटवर मांडीवर पर्स घेऊन बसली होती. आपल्याबद्दल काहीतरी चांगलं चाललंय अशा समजुतीने तिने हसून मान हलवली.

घरी आल्यावर आईने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. "सतरावं लागतंय पोरीला," ती बाबांना म्हणाली. "परक्या देशात, बाप तिकडे. आणि आईला एक सूप करायला वेळ नाही!"

"तू कशाला पडतेस त्यात?" बाबा म्हणाले. बाबांचं नाव राजेश, पण घरात त्यांना जास्त करून हा प्रश्न विचारणारे गृहस्थ म्हणूनच ओळखतात.

"सीवीड म्हणजे शेवाळच ना रे, परीक्षित? विहिरीत असतं तसं?"

"समुद्रातलं असतं, आई."

"मग खारट असेल. मीठ बेताने टाकते."

लिनवूडच्या कोरियन दुकानात आई दर आठवड्याला जायचीच, कारण मुळा आणि कोथिंबीर तिथे ताजी मिळते. तिथल्या बाईकडून तिने शेवाळ आणलं आणि कृती विचारून घेतली. परीक्षेचा विषय तिने काढला नाही, दुकानातल्या बाईनेही काढला नाही. कृतीत बीफ होतं. त्याच्या जागी आईने तुरीच्या डाळीचं वरचं पाणी घातलं, आणि नुसतंच कसं द्यायचं म्हणून जिरं-हिंगाची फोडणी.

परीक्षेच्या सकाळी आईने माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली. मी ती चाटली, देवाला नमस्कार केला आणि आम्ही निघालो. परीक्षा एका शाळेत होती. धुकं होतं. पार्किंगमध्ये मुलं गाड्यांना टेकून शब्दांच्या याद्या पुटपुटत होती, जणू सगळा गाव एकाच वेळी मंत्र म्हणतोय. युनिस एकटीच उभी होती. तिची आई गाडी लावायला मागच्या बाजूला गेली होती. युनिसचा चेहरा खडूसारखा झाला होता आणि अंगठा तोंडात होता.

"हॅपी बर्थडे, बेटा!" आईने डिकी उघडली. आत ताम्हन, निरांजन, सुपारी, कुंकू. वाऱ्याने निरांजन तीनदा विझलं, तेव्हा आईने विझलेल्याच निरांजनाने ओवाळलं. मग थर्मास काढला आणि झाकणात सूप ओतलं. हिरवं, वाफाळतं, वर हिंगाचा वास.

युनिसने झाकणात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग एका दमात प्यायली.

"आणखी आहे, आंटी?"

 आईने दुसरं झाकण भरलं. ते अर्धं संपलं तेवढ्यात गाड्यांच्या रांगेतून युनिसची आई आली, तिने झाकण पाहिलं, झाकणातून लोंबणारं शेवाळ पाहिलं, आणि अशी किंचाळली की शब्दांच्या याद्या थांबल्या. मग ती फुटपाथच्या कडेवर खाली बसली.

मा सर धावत आले. ते सगळ्या मुलांना वाटायला कोरियन मिठाईचे तुकडे घेऊन आले होते. युनिसची आई त्यांना काहीतरी सांगत होती आणि मधूनमधून आमच्या थर्मासकडे बोट दाखवत होती.

"मिसेस परीक्षित," मा सर माझ्या आईला म्हणाले. आयांना ते मुलांच्याच नावाने हाक मारायचे. "शेवाळ घसरडं असतं. परीक्षेच्या दिवशी जो शेवाळाचं सूप पितो, तो घसरतो. नापास. कोरियात त्या दिवशी हे कोणी घरातसुद्धा आणत नाही. म्हणून या वर्षी तिने केलं नव्हतं."

आई पांढरी पडली. मी तिला तशी एकदाच पाहिली होती, बाबांच्या व्हिसाचे कागद हरवले होते तेव्हा. 'हे काय खूळ' असं ती म्हणेल असं मला वाटलं होतं. पण दही-साखर देणाऱ्या बाईला ते म्हणता येत नाही.

"उपाय काय?" आईने विचारलं.

"चिकट काहीतरी खायचं. म्हणजे उत्तर चिकटून राहतं." मा सरांनी मिठाईचा तुकडा दाखवला. "आणि शाळेच्या दाराला चिकटवायचं. म्हणजे मुलगी आत चिकटते."

युनिसच्या आईने चार तुकडे एकदम युनिसच्या तोंडात कोंबले आणि पाचवा थुंकी लावून शाळेच्या दाराशेजारच्या विटेवर दाबला. तो चिकटला. आईने विचारलं, दही-साखर चालेल का? मा सर म्हणाले, दही तर सगळ्यात घसरडं. मी माझ्या तळहाताकडे बघितलं.

मग आईला गाडीच्या खणातली शेंगदाण्याची चिक्की आठवली. ती धावत घेऊन आली, बाटलीतल्या पाण्याने ओली केली, विटेवर दाबली. पडली. परत दाबली, परत पडली. प्रत्येक वेळी चिक्की पडली की युनिसच्या आईच्या तोंडून बारीक 'आइगो', म्हणजे त्यांचं 'अगंबाई', निघायचं. शेवटी आईने सेलोटेप आणली. एकीने चिक्की धरली, दुसरीने दाताने टेप तोडली. उन्हाळाभर एकमेकींच्या गाड्यांवर नजर ठेवून बसलेल्या या दोन बायका.

"मॅम," शाळेचा माणूस बाहेर येऊन म्हणाला, "इथे जाहिरात लावायला परवानगी नाही."

"जाहिरात नाही, शेंगदाणे आहेत," आई म्हणाली.

आत माझी जागा युनिसच्या मागे दोन बाकं सोडून होती. मला तिची मान दिसत होती. ती ताठ होती, मग खाली गेली, मग खूप वेळ हललीच नाही. माझ्या आईने एका थर्मासात घालून हिला देगूला पाठवलं, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. एका उताऱ्याखाली विचारलं होतं, लेखकाचा सूर कसा आहे? मी 'काळजीचा' या उत्तराचा गोल काळा केला. उतारा पेंग्विनवर होता.

निकाल कॉम्प्युटरवर यायला दोन-अडीच आठवडे लागले. त्या दिवसांत आई जेवायला वाढताना मधेच थांबायची आणि म्हणायची, "हिंग तरी नव्हता टाकायला पाहिजे." युनिस क्लासला येत होती, पण पेन्सिलींना टोक करत नव्हती.

तिला एकवीसशे ऐंशी पडले. बावीसशेला वीस कमी. माझे मार्क सांगण्यासारखे नाहीत. पेंग्विनचं उत्तरही चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी क्लासला गेलो तेव्हा युनिस पेन्सिलीला टोक करत होती.

"कधी जाणार?" मी विचारलं. 

"नाही जाणार."

"म्हणजे?"

"मॉमने डॅडला फोन केला. डॅड म्हणाले, अट म्हणजे अट, तिकिटं काढतो. मग मॉमने सूपचं सांगितलं. तिकडे डॅडच्या शेजारी आजी होती, तिने फोन हिसकावला. म्हणाली, शेवाळाचं सूप पाजल्यावर पोरगी काय करणार? एवढं पिऊनही एकवीसशे ऐंशी म्हणजे पोरगी हुशारच आहे. ही परीक्षा धरायची नाही. डिसेंबरमध्ये परत." तिने टोकावर फुंकर मारली. "डॅडचं आजीपुढे चालत नाही."

 मग मला ती गाडी आठवली. खिडकीबाहेरची नजर, 'मॉम खूप बिझी आहे', आणि पुढे बसून मान हलवणारी मॉम. मग आठवलं, 'आणखी आहे, आंटी?'

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"आमच्यात हे दोन वर्षांच्या पोरालाही माहीत असतं."

"मग का प्यायलीस? दोन-दोन झाकणं!"

तिने पेन्सिल खाली ठेवली. अंगठ्याला पट्टी होती. "समज, नसतं प्यायले आणि एकवीसशे ऐंशी पडले असते. मग ते कोणामुळे झालं असतं?"

मला उत्तर येत होतं, म्हणून मी दिलं नाही.

"आंटींना सॉरी सांग," ती म्हणाली. "आणि सांग, हिंग छान होता."

त्या रात्री जेवताना बाबांनी माझ्या मार्कांचा कागद टेबलावर ठेवला.  ओरडले असते तर बरं झालं असतं.

"असं कसं झालं रे?" आई हळूच म्हणाली. "काय कमी पडलं?"

मी विचार केला. क्लास होता. रविवारची बॅच होती. आई रोज पार्किंगमध्ये बसली होती. दही-साखर खाल्ली होती, देवाला नमस्कार केला होता, चिक्कीसुद्धा दाराला चिकटवून झाली होती. सगळं नीट केलं होतं. दोष द्यायला माझ्याकडे माझ्याशिवाय दुसरं कोणीच नव्हतं.

"आई," मी म्हणालो, "डिसेंबरच्या परीक्षेपुरतं ते शेवाळ उरलंय का गं?"